घरपोच भाडेकराराची सर्विस : कुणाची संमती खरंच लागते आणि कुठली उगाच विकतात

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचातले साडेतीन. घरी येऊन अंगठे घेणं, फोटो काढणं, स्टॅम्प ड्युटीचं चलन भरणं आणि रजिस्टर झालेली पीडीएफ हातात देणं, एवढ्याच कामाचे मार्क द्यायचे असते तर साडेचारसुद्धा दिले असते. पण भाड्याच्या व्यवहारात कुणाची संमती लागते, ती लेखीच कुठे लागते आणि नुसतं कळवलं तरी कुठे भागतं, याबाबतीत यांचा सगळा गोलमाल आहे. कळत नाही म्हणावं तर तसंही नाही, कळतं पण वळवून घ्यायचं नाही कारण प्रत्येक 'संमतीपत्रा'चे वेगळे पैसे लावता येतात. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. इतर ठिकाणीही चौकशी केली होती, पॅकेज थोड्याफार फरकाने हेच निघालं, त्यामुळे खाली लिहिलंय ते कुठलीही घरपोच सर्विस घेताना उपयोगी पडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात आजकाल आपण घर भाड्याने देतो ते बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) देतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते ॲग्रीमेंट लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे. अकरा महिन्यांचं केलं की रजिस्टर करायला लागत नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात ना, ते आपल्या राज्यात चालत नाही. रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढेच आहे, उद्या वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. ही नोंदणी आता नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर आधार नंबर, अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम एवढ्यावर होते, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसायला लागत नाही. घरपोचवाले तेच मशीन बॅगेत घालून आपल्याकडे येतात, बास.

आता आमचा फ्लॅट. पुण्यातला, बाबांच्या एकट्याच्या नावावर होता. बाबा गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव. यांच्या ॲपमध्ये 'मालक' म्हणून एकच रकाना आहे, त्याखाली बारीक अक्षरात 'आणखी मालक जोडा', आणि जोडला की दर माणशी जादा पैसे. फोनवरच्या मुलाला विचारलं तर म्हणतो, मॅडम तुम्ही नॉमिनी आहात ना, मग मालक तुम्हीच, एकटीचा अंगठा पुरे, कशाला खर्च वाढवता. ऐकायला किती गोड! पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात २०१९ ला हाउसिंग सोसायट्यांसाठी जे वेगळं प्रकरण आलं त्यात वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, असंच आहे. मालकी वारसाहक्काने जाते. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर आई, मी आणि धाकटा भाऊ, तिघांचा सारखा हिस्सा (आजी, म्हणजे बाबांची आई, हयात असती तर तिचाही आला असता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). मग भाड्याने द्यायचं तर तिघांची संमती लागणार हे उघड आहे.

व्यवहारात एकानेच देऊन टाकलं तर लगेच आभाळ कोसळत नाही हेही खरं. एका सहमालकाने भाडेकरूला घराबाहेर काढायचा दावा लावला तर बाकीच्यांची संमती आहे असं धरूनच कोर्ट पुढे जातं, पण हे दुसरा सहमालक विरोधात उभा राहीपर्यंतच. आणि विरोध कशावरून सुरू होतो तर भाडं कुणाच्या खात्यात जातं यावरून, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलंय. दोन भाऊ, एकाने परस्पर भाडेकरू ठेवला, दुसऱ्याने येऊन दाराला कुलूप लावलं आणि मधल्यामध्ये तो बिचारा भाडेकरू सामानासकट जिन्यात. आमच्यात भांडण नाही, पण भांडण नसतानाच हे करून घ्यायचं असतं. म्हणून आम्ही तिघांचीही लायसन्सर (म्हणजे घर देणारे) म्हणून नावं घातली आणि भाडं आईच्या खात्यात जाणार असं कलमातच लिहून घेतलं.

याबाबतीत सर्विसचं मनापासून कौतुक. भाऊ नाशिकला असतो, त्याच्याकडे त्यांचा तिथला माणूस गेला, आमच्याकडे इथला आला, भाडेकरूंचे अंगठे त्यांच्या जुन्या घरी झाले, सगळ्यांनी एका जागी जमायची भानगडच नाही. आधी याच कामासाठी भावाला सुट्टी टाकून यायला लागलं असतं. सहमालक परदेशात असेल तर मात्र मशीन तिथे जात नाही, त्याच्याकडून रीतसर कुलमुखत्यारपत्र करून घ्यावं लागतं, व्हॉट्सॲपवर 'हो चालेल, दे' एवढं आलं म्हणजे संमती झाली असं नाही. सर्विसवाले हे आधी सांगत नाहीत, पैसे भरल्यावर सांगतात.

अंगठ्याचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. आलेला मुलगा चुणचुणीत, वेळेवर, बूट बाहेर काढून वगैरे. लॅपटॉप उघडला, मशीन जोडलं आणि आईला म्हणाला काकू, अंगठा ठेवा. आईच्या बोटांचे ठसे वयामुळे झिजलेत, मशीन घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, ओल्या फडक्याने पुसून, मग तो म्हणाला बोट कपाळाला घासा काकू, थोडं तेल लागलं की घेतं, आणि खरंच डाव्या हाताचं मधलं बोट घेतलं. या सगळ्यात ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय हे कुणी आईला दाखवलं नव्हतं. तिने स्वतःच विचारलं, अरे पण मी कशाला हो म्हणतेय ते तरी वाचून दाखव. त्यावर मुलगा हसून म्हणाला, काकू सगळ्यांचं सारखंच असतं, नंतर पीडीएफ येईल मेलवर. आई निवृत्त शिक्षिका आहे, तिच्यासमोर हे बोलायचं नसतं. तिने चष्मा लावला, लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून वाचत बसली, मुलाचा पुढचा कॉल चुकला असणार त्या दिवशी.

करार कायदा १८७२, कलम १३ : दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने हो म्हणतात तेव्हा ती संमती. कलम १४ सांगतं की जबरदस्ती, दबाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा गैरसमज यातून आलेली संमती ही मोकळी संमती नव्हे. मशीनला तेवढा अंगठा कळतो. म्हणून ड्राफ्ट आदल्या दिवशी सगळ्यांना पाठवा, मालकांना आणि भाडेकरूंनाही, मराठी किंवा इंग्रजी ज्याला जी वाचता येते त्या भाषेत. हे सर्विसने स्वतःहून करायला हवं, तो पण साधा मेल आहे, पण मागितल्याशिवाय येत नाही. अंगठे झाल्यावर एखादं कलम बदलायचं म्हटलं तर सगळ्यांचे अंगठे परत घ्यावे लागतील असं तो मुलगाच म्हणाला.

आता त्या 'संमतीपत्रां'कडे येते, माझा दीड स्टार गेला तो मुख्यतः इथे. पेमेंटच्या आधी 'आवश्यक परवानग्या' नावाचं एक पान येतं. सोसायटी एनओसी (म्हणजे ना हरकत पत्र), पोलीस एनओसी, बँक एनओसी, सहमालक संमतीपत्र, आणि सगळ्यांसमोर आधीच टिक मारलेली. घाईत असलेला माणूस पुढे जाऊन पैसे भरून मोकळा होतो.

सोसायटी एनओसीचे त्यांनी पाचशे लावले होते. मॉडेल बायलॉज, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, त्याप्रमाणे सभासदाला स्वतःचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि ॲग्रीमेंटची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत द्यायची. कळवणं आणि परवानगी मागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण परवानगी मागितली की ती नाकारायचा हक्कही आपणच समोरच्याला देऊन बसतो आणि मग सेक्रेटरी काका सांगतात बॅचलर नको, नॉनव्हेज खाणारे नको, कुत्रा नको. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणूनचे पैसे) घेता येतात, तेही सर्विस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंतच, १ ऑगस्ट २००१ चा जीआर आहे तसा, आणि त्या सर्विस चार्जेसमध्ये महापालिकेचे कर धरायचे नाहीत. घरात आपले आईवडील किंवा मुलंच राहत असतील तर तेही नाहीत. मी साधा मेल टाकला सोसायटीला, प्रत जोडली, पोच मागून घेतली, संपलं. म्हाडाची घरं किंवा सरकारी जमिनीवरच्या सोसायट्या यांचा प्रकार वेगळा असतो, तिथे वाटपाच्या कागदातल्या अटी बघूनच पुढे जा.

पोलीस एनओसी हा शब्दच फसवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, पोलीस आयुक्तांचे तसे आदेश शहरांत निघत असतात आणि ते न पाळणं महागात पडू शकतं, त्यामुळे हे टाळू नका. पण ही नुसती माहिती आहे, मंजुरी नाही, ऑनलाइन फॉर्म भरून फोटो आणि ॲग्रीमेंट जोडलं की पोच मिळते. ते स्वतः करता येतं. कंटाळा असेल तर त्यांना द्या, मी त्यात वाईट म्हणणार नाही.

बँकेची संमती मात्र अगदी खरी भानगड आहे आणि गंमत म्हणजे नेमकी तिथेच त्यांनी एका ओळीत गुंडाळलंय. फ्लॅटवर कर्ज चालू असेल तर आधी कर्जाचे कागद उघडा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ६५अ मध्ये गहाण ठेवणाऱ्याला, ताबा त्याच्याकडे असेल तर, घर भाडेपट्ट्याने देता येतं, इमारतीसाठी तीन वर्षांची मर्यादा आहे, पण हे करारात उलट काही लिहिलेलं नसेल तरच. आणि बँकांच्या करारात ते उलट बहुधा लिहिलेलं असतं, आमच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने किंवा इतर कुणाच्या ताब्यात देणार नाही अशा अर्थाचं. तेव्हा बँकेला पत्र टाका आणि लेखी उत्तर घ्या, ब्रँचमधल्या ओळखीच्या माणसाने तोंडी काही नाही होत म्हटलं तरी. आमचं कर्ज बाबांनीच फेडलेलं होतं, तरी ती टिक मला माझ्या हाताने काढावी लागली.

सहमालक संमतीपत्राची गरज सगळे मालक ॲग्रीमेंटमध्ये पार्टी असतील तर उरतच नाही. आमच्याकडे तिघं लायसन्सर आणि वर तिघांचं एकमेकांना संमतीपत्र, असं बिल बनवलं होतं. मी फोन करून विचारलं की मी मलाच संमती देणार का, तर पलीकडे जरा वेळ शांतता.

आता ड्राफ्ट. यांचा तयार ड्राफ्ट मालकाच्या बाजूने इतका झुकलेला आहे की मी मालक असूनही मला तो पटला नाही. भाडेकरू म्हणजे नवरा-बायको, दोघं नोकरी करणारे, त्यातली बायको मोठी हुशार. ड्राफ्ट वाचून तिने मला व्हॉट्सॲपवर भला मोठा व्हॉइस मेसेज पाठवला, ताई रागावू नका पण तीन-चार गोष्टींना मी हो म्हणू शकत नाही. मला ते फार आवडलं, कारण जी माणसं सही करायच्या आधी नाही म्हणतात त्यांच्याशी नंतर कटकट होत नाही.

तिचा पहिला मुद्दा, ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं की लायसन्सर कोणत्याही वेळी पूर्वसूचनेशिवाय घरात येऊन पाहणी करू शकेल. अहो, कायदाच असं म्हणत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ मध्ये मालकाला पाहणीचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. घर माझ्या मालकीचं असलं तरी आत बाई अंघोळ करून येत असेल, कुणी आजारी झोपलं असेल, मी जवळच्या किल्लीने दार उघडून आत शिरायचं हे कुठल्या हिशोबात बसतं? आम्ही लिहिलं, एक दिवस आधी कळवून, सकाळी दहा ते संध्याकाळी सातच्या मध्ये, पाइप फुटणं किंवा शॉर्टसर्किट सोडून. आणि दुसरी किल्ली माझ्याकडे ठेवायला तिची संमती आहे हेसुद्धा लिहिलं, कारण बरेच मालक ती किल्ली न सांगताच ठेवून घेतात.

मग पाहुणे. सात दिवसांपेक्षा जास्त पाहुणे राहिले तर लायसन्सरची लेखी परवानगी, असं कलम होतं. तिला दिवस गेलेले, बाळंतपणाला तिची आई येऊन राहणार, त्यासाठी तिने माझ्याकडे अर्ज करायचा? दोघांच्या आईवडिलांना, भावंडांना काहीही विचारायची गरज नाही असं केलं. पण घर किंवा एखादी खोली दुसऱ्या कुणाला पैसे घेऊन द्यायची नाही, पेइंग गेस्ट ठेवायचा नाही, ॲपवर दिवसाच्या भाड्याने लावायची नाही, हे ठामपणे ठेवलं. तसं ते लिहिलं नसतं तरी लायसन्स हा त्या माणसापुरताच हक्क असतो, भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ प्रमाणे तो पुढे दुसऱ्याला देता येत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या (लायसन्सवरच्या नव्हे, खऱ्या) भाडेकरूंच्या बाबतीतही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ मध्ये पोटभाडेकरू ठेवायला बंदी आहे, मालकाशी तसं ठरलेलं असेल तेवढं सोडून. तरी लिहिलेलं बरं असतं, उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला काय माहीत.

खिळ्यांवरून आमची चांगली हसाहशी झाली. भिंतीला खिळा ठोकायला लेखी परवानगी! कुणी नवीन घरात आलं तर देवघर टांगणार, घड्याळ टांगणार, माणसं आहेत ती. भिंत फोडणं, ओटा हलवणं, बाल्कनी बंद करणं, एसीसाठी मोठं भोक पाडणं याला लेखी संमती हवी, बाकी खिळे ठोका आणि जाताना भोकं बुजवा. लेखी म्हणजे मेल किंवा व्हॉट्सॲपचा मेसेजही चालेल हे ॲग्रीमेंटमध्येच घातलं, नाहीतर दरवेळी कागद कुठून आणायचा. पक्क्या बांधकामाचं मात्र हलक्यात घेऊ नका. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर घर परत मागायला ते भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मधलं एक कारण ठरतं, तोंडी 'करा हो' म्हणालेलं तिथे उपयोगाला येत नाही.

डिपॉझिटमधून 'लायसन्सरच्या मर्जीप्रमाणे' कापणी, हेही काढलं. काय तुटलं ते दोघांनी बघून, बिल दाखवून, मगच कापायचं. आत शिरताना व्हिडिओ करून दोघांकडे ठेवला, पंख्यांपासून नळांपर्यंत सगळं. रंगाचे पैसे सरसकट कापायचा रिवाज मला कधीच पटलेला नाही, राहत्या घरात भिंत मळणारच.

शेवटचं कलम सगळ्यात धोकादायक होतं आणि ते धोकादायक वाटत नाही म्हणूनच. मुदत संपल्यावर दोन्ही पक्षांची मूक संमती समजून पाच टक्के वाढीने करार आपोआप पुढे चालू राहील. असं आपोआप काही चालत नाही, नवीन मुदत म्हणजे नवीन ॲग्रीमेंट, नवीन स्टॅम्प ड्युटी, नवीन रजिस्ट्रेशन, नवीन अंगठे. मुदत संपून माणूस राहतच असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मिळवता येतं आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. पण तिथे गेल्यावर भाडेकरू हेच मूक संमतीचं कलम पुढे करणार, म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दरवर्षीची धावपळ नको असेल तर सरळ २४ किंवा ३६ महिन्यांचं करा आणि दरवर्षीची वाढ आकड्यात लिहा, साठ महिन्यांपर्यंत करता येतं. लोकांना अकरा महिन्यांची सवय लागलीय ती सुटत नाही. आम्ही चोवीस महिन्यांचं केलं, दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस ठेवून.

घर मधेच विकलं तर भाडेकरूची संमती लागते का, हे तिने विचारलं होतं. नाही लागत. पण लायसन्स विकत घेणाऱ्यावर आपोआप बंधनकारकही होत नाही, त्यामुळे भाडेकरूच्या दृष्टीने ही जागा कच्चीच आहे. आम्ही लिहिलं की विकायचं ठरलं तर दोन महिने आधी सांगणार, आणि गिऱ्हाइकाला घर दाखवायला किंवा फोटो काढायला त्यांना विचारूनच येणार. एजंट लोक राहत्या घराचे फोटो, त्यात पलंगावरची चादर, मुलांचे शाळेतले फोटो, सगळ्यासकट साइटवर टाकून देतात. त्यांना कुणी विचारतच नाही.

ॲपवरची आणखी एक टिक. 'भागीदार कंपन्यांना माझी माहिती देण्यास संमती', ही पण आधीच मारलेली, आणि ती कुठे तर ओटीपीच्या पानावर, जिथे माणसाचं सगळं लक्ष मेसेजकडे असतं. माझी मी काढली. भाडेकरूकडून राहिली तर अंगठा दिल्याच्या संध्याकाळपासून पॅकर्सवाले, वायफायवाले, पर्सनल लोनवाले, तिचा फोन थांबेना. आधारच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे, २०१६ च्या आधार कायद्यात ओळख पटवायला माहिती घेताना माणसाची संमती घ्यायची आणि माहिती कशाला वापरणार ते सांगायचं, असं आहे. तेव्हा त्या मुलाला आधारची झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवर फोटो देताना पहिले आकडे झाकलेलं, मास्क्ड आधार देऊन बघा, आणि काम झालं की आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून टाका. माझं लॉक होतं म्हणून आधी मशीनने नाकारलं, तात्पुरतं उघडलं, अंगठा दिला, परत लॉक.

यांचं विक्रीचंही पॅकेज आहे, फ्लॅट घेणाऱ्यांसाठी. ते मी घेतलं नाही, नुसतं चाळलं. रिसेलच्या ट्रान्सफरसाठी सोसायटी एनओसी 'अनिवार्य' असं लिहिलंय, मॉडेल बायलॉजप्रमाणे ती अनिवार्य नाही, खरेदीदाराची बँक मागते म्हणून घ्यावी लागते ही गोष्ट वेगळी. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ते पैसे, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार, त्यावर 'देणगी' मागितली तर ती देणं न देणं तुमच्या मर्जीवर. नवीन बांधकामात फ्लॅट घेत असाल तर रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, २०१६ च्या कायद्यातलं कलम १३ आणि १४ तेवढं वाचा. रजिस्टर ॲग्रीमेंटच्या आधी बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत आणि मंजूर लेआउट किंवा बिल्डिंगमध्ये मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅट घेणाऱ्यांची आधी लेखी संमती लागते. बुकिंग फॉर्ममध्येच 'पुढील सर्व बदलांना माझी संमती आहे' असं छापून सही घेतात, ती ओळ शोधा आणि खोडायला लावा. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर बहिणींना, आत्यांना विसरू नका, खरेदीखतात 'मान्यता देणार' म्हणून त्यांच्या सह्या नसतील तर उद्याचा दावा ठरलेला. आणि मालक अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर पालकाला हिंदूंच्या कायद्यात कोर्टाच्या आधीच्या परवानगीशिवाय स्थावर विकता येत नाही, आई स्वतः पालक असली तरी नाही.

पैशांचं. भाडं चोवीस हजार, डिपॉझिट पाऊण लाख. स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे आमची दीड हजाराच्या आसपास. रजिस्ट्रेशन फी शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. हे सरकारचे पैसे, चलन तुमच्या नावाचं मागून घ्या. वर यांची फी दीड हजार, जादा मालकांचे वेगळे, नाशिकच्या व्हिजिटचे वेगळे. वेळ वाचतो त्या मानाने मला महाग नाही वाटलं. नको असलेल्या एनओसींच्या टिक काढून टाकल्या नसत्या तर मात्र त्यांच्या फीइतकेच पैसे नुसत्या कागदांवर गेले असते.

पुन्हा घेईन का? हो, ड्राफ्ट माझा आणि अंगठे त्यांचे, अशा अटीवर. सोसायटी एनओसीचे पाचशे चुकून कापले गेले होते, टिक काढलेली असतानाही. मेल केला, त्यात बायलॉजचा उल्लेख केला, टिक काढल्याचा स्क्रीनशॉट जोडला. आधी उत्तर आलं की ती अनिवार्य आहे. मग मी लिहिलं की अनिवार्य आहे असं लेखी, तुमच्या लेटरहेडवर द्या. त्यानंतर काही दिवसांनी रिफंड आला, जीएसटी कापून.